दगडी घराचें सोंग

यवतमाळ शहरांतून आर्णीच्या किंवा दारव्ह्याच्या रस्त्यानें बाहेर पडलें कीं अलीकडे एका नव्या तऱ्हेचीं घरें दृष्टीस पडूं लागतात. समोर दोन उंच त्रिकोणी माथे, त्यांवर तांबडीं कौलें, भिंतींना करड्या-पिवळ्या दगडाचा मुलामा, खिडक्यांना चौकडी पाडून बसविलेल्या मोठमोठ्या काचा, आणि ज्या घरांत जन्मांत कधीं शेकोटी पेटावयाची नाहीं त्याच्या माथ्यावर एक धुराडें. घरमालक बहुधा डॉक्टर, वकील, कंत्राटदार, किंवा आमच्याच पेशांतला एखादा प्राध्यापक असतो. इंग्लंडांतील खेड्यांत जीं जुनीं दगडी घरें आहेत त्यांच्यासारखें हें बांधून घेतलें आहे, असें तो पाहुण्यास मोठ्या समाधानानें सांगतो. बांधकामाचा निम्मा खर्च गांवचा वाडा मोडून, त्यांतील सागवान विकून निघाला, हें मात्र तो सांगत नाहीं. तें शेजारी सांगतात.

आम्हांस या घरांविषयीं जें बोलावयाचें आहे तें स्वदेशीच्या अभिमानानें नव्हे. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनांत ज्यांचें अर्धें आयुष्य गेलें त्यांना इंग्रजांच्या घराचा द्वेष करण्याचें कारण नाहीं. उलट त्या घरावर आमचें प्रेम आहे, आणि तें आहे म्हणूनच ही नक्कल आम्हांस असह्य होते. आमची तक्रार एवढीच, कीं या मंडळींनीं इंग्रजी घर पाहिलेंच नाहीं. त्याचें चित्र पाहिलें. चित्रांत माथा दिसतो, धुराडें दिसतें. घर कशामुळें तसें झालें तें चित्रांत येत नाहीं.

एकच उदाहरण घेऊं. ऑक्सफर्डशायर परगण्यांत, थेम्स नदीच्या वरच्या अंगास, केल्मस्कॉट नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथील केल्मस्कॉट मॅनर हें घर इ. स. १६०० च्या सुमारास बांधलेलें. नांवांत ‘मॅनर’ असलें तरी तें कोणा सरदारानें बांधलेलें नव्हे. टर्नर नांवाच्या सधन शेतकरी घराण्याचें तें घर, म्हणजे आपल्याकडच्या पाटलाच्या वाड्याच्या जातीचें. कवि, कारागीर आणि समाजवादी म्हणून प्रसिद्ध असलेला विल्यम मॉरिस यानें १८७१ सालीं चित्रकार रोझेटी याच्या भागीदारींत तें भाड्यानें घेतलें, आणि १८९६ सालीं मरेपर्यंत त्याचें मन त्या घरांतून निघालें नाहीं. हें घर जमिनींतून उगवल्यासारखें आहे, अशी त्याची त्याविषयींची भावना होती. हा केवळ कवीचा अलंकार आहे असें आमच्या विद्यार्थ्यांना वाटतें. वस्तुतः तें भूगर्भशास्त्र आहे.

त्या टापूंतील टेकड्या चुनखडीच्या दगडाच्या. सुमारें सोळा-सतरा कोटि वर्षांपूर्वींच्या उथळ समुद्राच्या तळाशीं हा दगड थराथरानें सांचला. खाणींतून नुकताच काढलेला असतांना तो ओला आणि मऊ असतो. हवेंत राहिला म्हणजे कठीण होतो. म्हणूनच खिडक्यांच्या उभ्या दगडी कांबी त्यांत सुखानें कोरतां आल्या. त्याच दगडाचा एक प्रकार असा आहे कीं त्याच्या पातळ फळ्या निघतात. स्टोन्सफील्ड गांवचे लोक हे ओले दगड हिंवाळ्यांत उघड्यावर मांडून ठेवीत, वर पाणी शिंपीत. रात्रीं थरांतील पाणी गोठून फुगलें कीं दगड आपोआप चिरला जाई. छपराचीं दगडी कौलें अशीं तयार होत. तीं लहानमोठीं निघत, म्हणून सर्वांत मोठीं खालीं वळचणीला आणि मग लहान होत होत अगदीं बारीक तीं आढ्याजवळ, असा क्रम पडला. केल्मस्कॉटच्या छपराचें मॉरिस जें कौतुक करीत असे तें या क्रमाचें. हीं कौलें जड आणि खडबडीत. त्यांच्या सांध्यांतून पाणी शिरूं नये म्हणून छप्पर ताठ उतरतें ठेवावें लागे. ताठ छपराखालीं उंच पोटमाळा मिळे. त्या पोटमाळ्याला उजेड हवा म्हणून भिंत माथ्यापर्यंत चढवून तींत खिडकी ठेवीत. झाला तुमचा त्रिकोणी माथा! त्या देशांत ऊन दुर्मिळ, म्हणून काच हवी. पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, म्हणून खिडकीच्या डोक्यावर दगडाची पुढें आलेली पट्टी, कीं ओघळ बाजूला जावा. थंडी लांबलचक, म्हणून धुराडें. नाहीं म्हणावयास सतराव्या शतकांत वाढविलेल्या बाजूला थोडा नखरा आहे. पण तोहि त्याच दगडांत, आणि बेताचा.

आतां आमच्या रस्त्यावरचें घर पाहावें. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो अशा गांवांत पश्चिमेला दहा फूट रुंद काच. उतरत्या कौलांखालीं सपाट स्लॅब आधींच घातलेला, म्हणजे कौलें ही नुसती डोक्यावर ठेवलेली टोपी. खिडकीवरची पट्टी सिमेंटची, आणि तिच्यावर पुन्हा छज्जा आहेच. धुराड्याच्या पोटांत पाण्याची टांकी. केल्मस्कॉटला ज्या ज्या गोष्टीस कारण होतें ती येथें आली आहे, आणि कारण तेवढें मागें राहिलें आहे.

मॉरिसच्या घरापासून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी होती. १८७७ सालीं त्यानें व त्याच्या मित्रांनीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. ट्यूक्सबरी येथील प्राचीन मठमंदिराचा ‘जीर्णोद्धार’ होऊं घातला होता, त्या संतापांतून ती निघाली. जुन्या भिंती खरवडून नव्या कोऱ्या करण्याच्या खुळाविरुद्ध ती झगडत असल्यामुळें ‘खरवडविरोधी’ असें तिचें टोपणनांव पडलें. तिचें म्हणणें साधें होतें: इमारत रोज थोडी थोडी नीट राखा, म्हणजे ती नव्यानें बांधण्याचा प्रसंग यावयाचा नाहीं. ही संस्था अद्याप काम करीत आहे, आणि केल्मस्कॉटचें घर १९६२ पासून लंडनच्या पुराणवस्तुसंशोधकांच्या संस्थेकडे राहून आजहि उभें आहे. आपल्याकडे जुन्या देवळांच्या कोरीव दगडावर ऑइलपेंटचे थर चढतात व गाभाऱ्यांत न्हाणीघराच्या फरश्या बसतात, आणि त्याची पावती फाडून वर्गणी गोळा होते. पण तो विषय निराळा.

आपल्या पायांखालीं काय आहे? वणी, झरीकडचा भाग सोडला तर जिल्ह्याची बहुतेक भूमि काळ्या बसाल्ट दगडाची, सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाची. हा दगड फळ्यांनीं चिरत नाहीं, तो कधींच मऊ नसतो, त्याच्या नाजूक कांबी काढूं गेलें तर छिन्नी बोथट होते. एकेक चिरा घडवितांना पाथरवटाचा घाम निघतो. म्हणून आपल्या पूर्वजांनीं तो जेथें अवश्य तेथेंच खर्च केला: देवळाला, विहिरीला आणि घराच्या जोत्याला. वरची भिंत मातीची. पण कोणत्या मातीची? या ठिकाणीं आमच्या खेडुतांचें शहाणपण पाहण्यासारखें आहे. गांवच्या जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळींत पिकवावयाचें, पांढरींत राहावयाचें. काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत हातभर भेगाळते. तिच्यांत पाया स्थिर राहत नाहीं आणि तिची भिंतहि होत नाहीं. पांढरी तशी चळत नाहीं. म्हणून जुन्या कागदपत्रांत ‘पांढरी’ म्हणजे गांवची वस्ती, असाच अर्थ रूढ झाला. वऱ्हाडांतील देशमुखांच्या गढ्या याच मातीच्या, चार-चार हात रुंद भिंतींच्या. लांकूड सागाचें, कारण येथील जंगलांत तेंच उत्तम. सागाचे खांब, त्यांवर तुळया, वर कडीपाट, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, कीं झालें धाबें. साध्या घराला कवेलू. शेतमजुराकडे पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड; कोलामांच्या पोडांवर बांबूचा, शेणामातीनें लिंपलेला. वाड्याची भिंत इतकी जाड, कीं दुपारचें ऊन तिच्यांतून आंत पोहोंचेपर्यंत रात्र होते, आणि तोंवर माणसें अंगणांत बाजा टाकून निजलेलीं असतात.

केल्मस्कॉटच्या शेतकऱ्यानें जें केलें तेंच वऱ्हाडच्या देशमुखानें केलें. दोघांचीं घरें एकमेकांसारखीं दिसत नाहींत, याचें कारण दोघांनीं एकच नियम पाळला. आमचे नकलाकार मात्र याच जिल्ह्याचा दगड क्रशरमध्यें घालून त्याची गिट्टी करतात, ती स्लॅबांत पुरतात, आणि भिंतीला दगडी शोभा यावी म्हणून राजस्थानचा दगड बोटाएवढ्या जाडीच्या चकत्या करून रासायनिक डिंकानें चिकटवितात. गंमत अशी, कीं ज्या चुनखडीच्या दगडानें इंग्रजांची तीं सुंदर गांवें उभीं केलीं, तो चुनखडीचा दगड वणीच्या बाजूस आपल्याकडेहि आहे. राजूर हें गांव चुन्याच्या भट्ट्यांसाठीं ओळखलें जातें. झरी तालुक्यांत मुकुटबन येथें २०२२ सालीं सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. दगडाचें पीठ करून त्या पिठाचा पुन्हा दगड करावयाचा, आणि तो खोटा दिसूं नये म्हणून त्यावर परमुलखांतला खरा दगड डकवावयाचा, असा हा व्यापार आहे.

इंग्रज स्वतः येथें आला तेव्हां त्यानें काय केलें हेंहि पाहण्यासारखें आहे. १८५३ त वऱ्हाड कंपनीकडे आल्यावर आणि १८६४ त हा जिल्हा वेगळा झाल्यावर जे साहेब या मुलखांत राहिले त्यांनीं ऑक्सफर्डशायरचीं घरें आणलीं नाहींत. त्यांनीं बंगला बांधला. आणि बंगला हा शब्द व ती वस्तु दोन्ही बंगालच्या झोपडीवरून उचललेलीं. भोंवतीं व्हरांडा, उंच छत, जाड भिंती, खोल सावली. महाबळेश्वरास त्यांनीं तेथला जांभा दगड वापरला व पावसाळ्यांत भिंतींना गवताचे झाप बांधण्याची तिकडची रीति उचलली. इतकेंच नव्हे, तर शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत एका इंग्रज बाईनें आम्हां सर्वांस धडा घालून दिला आहे. मॅडेलीन स्लेड, म्हणजे मीराबेन, ही इंग्रज ॲडमिरलची कन्या. तिचें बरेंचसें बालपण इंग्लंडांतील ग्रामीण भागांत आजोबांच्या ऐसपैस घरांत गेलें. १९३६ सालीं गांधीजी शेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास आले. तेथें आज जी बापूकुटी म्हणून लोक पाहतात ती मुळांत मीराबेननें स्वतःसाठीं उभारलेली कुटी. बांबू, माती, लांकूड, कवेलू. भिंतीवर झाडांचीं चित्रें मातींतच उठविलेलीं. इंग्रजी घराची खरी नक्कल विदर्भांत कोणीं केली असेल तर ती तिनें. तिच्या कुटीला त्रिकोणी माथा कोरलेला नाहीं.

इथवर हा सुखवस्तु लोकांच्या आवडीनिवडीचा प्रश्न वाटेल. ज्याच्या पदरीं पैसा आहे त्यानें वाटेल तसें घर बांधावें, आपलें काय जातें, असें म्हणून कोणी पान उलटतील. परंतु आमच्या वर्गाची आवड आमच्यापुरती राहत नाहीं. तीच पुढें इंजिनियरची, ग्रामसेवकाची व सरकारी तक्त्याची दृष्टि होते, आणि गरीबाच्या घरावर शिक्का होऊन बसते. त्या शिक्क्याचें नांव ‘कच्चें घर’.

२०११ सालच्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेंत भिंतींचे व छपरांचे दोन वर्ग पाडले होते. माती व कच्च्या विटा, गवत व बांबू, लांकूड, आणि चुन्या-सिमेंटाविना रचलेला दगड, या सर्व भिंती कच्च्या. हातानें केलेलें कवेलू कच्चें. यंत्रांतून निघालेलें कौल पक्कें. आणि मे महिन्यांत ज्याच्याखालीं भाकरी आपोआप भाजावी तो टिनाचा पत्रा पक्का. हा नियम जरा बाहेर नेऊन पाहावा. यवतमाळला लागून लोहारा येथें कमलेश्वराचें हेमाडपंती देऊळ आहे. या पद्धतींत चिरे चुन्याशिवाय एकमेकांत बसविलेले असतात. तेव्हां यादवकालापासून चालत आलेली ही बांधणी सरकारी तक्त्याप्रमाणें कच्ची ठरते. स्ट्रॅटफर्डला १५६४ त ज्या घरांत शेक्सपिअर जन्मला असें मानतात त्याच्या भिंती म्हणजे ओकच्या लांकडाचा सांगाडा आणि मध्यें काटक्यांचा कूड, मातीनें लिंपलेला. आमच्या कोलामाच्या भिंतीची तीच रीति. सर वॉल्टर रॅले ज्या घरीं जन्मला तें डेव्हन परगण्यांतील हेज बार्टन हें तर सरळ मातीच्या भिंतींचें, गवतानें शाकारलेलें शेतघर. हीं दोन्ही घरें इंग्रजांनीं राष्ट्राचा ठेवा म्हणून सांभाळलीं आहेत. आमच्या तक्त्यांत त्यांच्या भिंती कच्च्या, आणि शेक्सपिअरच्या बापाला घरकुलासाठीं अर्ज करण्यास हरकत नव्हती.

विनोद बाजूला ठेवूं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागांत २०१६ पासून मैदानी मुलखांतील कुटुंबास घरासाठीं १,२०,००० रुपये मिळतात. मदत योग्य आहे. ती वाढली तरी आम्हांस आनंदच आहे. पण ती घेऊन जें उभें राहतें तें पाहिलें म्हणजे वाईट वाटतें. चार इंची किंवा सहा इंची विटेची भिंत, वर पातळ स्लॅब, पैसे संपल्यामुळें गिलावा नाहीं, ओसरी नाहीं. आणि दुपारीं सगळें कुटुंब बाहेर कडुनिंबाखालीं. प्रांतोप्रांतींच्या मातीला आणि हवेला साजेशा घरांचे नमुने ‘पहल’ या नांवाच्या ग्रंथांत केंद्र सरकारच्याच ग्रामविकास खात्यानें प्रसिद्ध केलेले आहेत. तो ग्रंथ पंचायत समितीच्या टेबलापर्यंत पोहोंचल्याचें कोठें दिसत नाहीं, कारण त्या टेबलामागें बसलेल्या गृहस्थाच्या मनांतील घर आर्णी रस्त्यावरचें आहे.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारें आठ हजार माणसें दगडामातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं; तेव्हां जुन्या बांधणीचे गोडवे गाणें हा अपराध आहे, असें आम्हांस सुनावण्यांत येईल. या आक्षेपास हंसून उत्तर देण्याइतके आम्ही निर्दय नाहीं. तिकडच्या भिंती गोट्या दगडांच्या व मातींत रचलेल्या होत्या. भिंतीचीं दोन्ही अंगें एकत्र बांधणारे आरपार लांब दगड त्यांत नव्हते. आणि माळवदावर वर्षानुवर्षें मातीचे थर चढत गेले होते. दोष दगडाचा किंवा मातीचा नसून बिघडलेल्या कारागिरीचा होता. आरपार दगड घालावा, कोपरे बांधावे, जोत्यावर व छपराखालीं लांकडाचा किंवा काँक्रीटचा पट्टा फिरवावा, धाब्यावरची जुनी माती काढून मगच नवी टाकावी. यासाठीं आम्हांस सिमेंटहि चालतें. आम्ही सिमेंटचे शत्रु नाहीं. त्याच्या सोंगाचे आहों.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. मातीचें घर म्हणजे बायकांचें मरण. दर सणाला पोतेरें, दर आठवड्याला सारवण, पावसाळ्यापूर्वीं शाकारणी, आणि भिंतींत विंचू. शिवाय वाड्याचें जोतें जितकें उंच तितकी बाहेरच्या माणसाची मान खालीं. ज्यांच्या आजोबांना त्या जोत्याची पायरी चढूं दिली नाहीं, त्यांनीं स्लॅबचें घर हीच आपल्या प्रतिष्ठेची खूण मानली तर त्यांना मातीचें महत्त्व सांगावयास आम्ही कोण? हें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे, आणि म्हणूनच आमचें भांडण मजुराशीं नाहीं. त्यानें स्लॅबची इच्छा धरली, कारण आम्हीं स्लॅबला मान दिला. डॉक्टरांनीं आणि प्राध्यापकांनीं प्रथम पांढऱ्या मातीच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या, ओसरी असलेल्या घरांत राहून दाखवावें. सारवण्याचें काम घरांतल्या पुरुषांनीं करून दाखवावें. मग त्या घराला कच्चें म्हणण्याची छाती कोणा ग्रामसेवकाची होते तें पाहूं.

जे वाडे अद्याप उभे आहेत त्यांची दुरुस्ती ज्या रीतीनें चालते तीहि एक प्रकारची पाडापाडीच आहे. भिंतीचा पोपडा निघाला कीं सिमेंटचा गिलावा मारतात. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट तिचें तोंड बंद करतें. ओल आंत कोंडते, तीन-चार पावसाळ्यांत भिंत पोटांतून कुजते आणि गिलाव्यासकट फुगून कोसळते. मग घरधनी म्हणतो, मातीचें काम टिकत नाहीं हेंच खरें. इंग्लंडांत याच चुकीनें कित्येक मातीचीं व चुनखडीचीं घरें सडलीं, आणि मॉरिसच्या संस्थेला पुन्हा चुन्याकडे वळा असें पदोपदीं सांगावें लागलें. चुना आपल्याकडे राजूरला आहे. तो मळणारा आणि मुरविणारा गवंडी मात्र दुर्मिळ झाला आहे. त्याचा मुलगा सेंट्रिंगच्या कामावर जातो, आणि त्याला रोजगार तेथेंच मिळत असेल तर त्यानें जाऊं नये असें म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाहीं.

राहिली वाटणीची गोष्ट. चार भाऊ चार शहरांत, वाड्याला कुलूप, धाब्यावर पिंपळ उगवलेला, मग एक दिवस जुन्या लांकडाचा व्यापारी येतो. शंभर वर्षांपूर्वीं याच जिल्ह्याच्या जंगलांत तोडलेले सागाचे खांब तो ट्रकांत भरतो, आणि ते मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत ‘जुन्या वाड्याचा अनुभव’ म्हणून उभे राहतात. उरलेली पांढरी माती गांवकरी शेतांत नेऊन टाकतात. वाड्याचा एक सोपा जरी चारांपैकीं एका भावानें राखला, वर्षांतून आठ दिवस तेथें राहण्याचें ठरविलें, धाब्यावरचा पिंपळ वेळींच उपटला, तरी त्याला येणारा खर्च आर्णी रस्त्यावरच्या त्या खोट्या धुराड्याहून जास्त नाहीं.

ज्यांस आमचें म्हणणें मान्य नसेल त्यांनीं अवश्य उत्तर लिहावें. संपादक तें छापतील असा आम्हांस भरंवसा आहे. मात्र लेखणी उचलण्यापूर्वीं त्यांनीं मे महिन्याच्या एका दुपारीं, दोन वाजतां, आपल्या इंग्रजी दिवाणखान्यांत वीज बंद करून अर्धा तास बसावें. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं कोणा नातलगाच्या जुन्या वाड्याच्या माजघरांत तितकाच वेळ बसावें. दोन्ही ठिकाणचें उष्णमान कागदावर टिपून घ्यावें, आणि तो कागद उत्तरासोबत पाठवावा.